हजार वॅटचा संशय

आमचे घरमालक भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हातांकडे. हातात पिशवी असली तर पिशवीकडे, पिशवी फुगलेली असली तर तिच्या आकाराकडे. हात रिकामे दिसले तर मात्र त्यांचा चेहरा आणखी आंबट व्हायचा. रिकाम्या हाताने आत आलेला माणूस भरल्या हाताने बाहेर पडणार, असं त्यांचं पक्कं मत होतं. एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर्स ऑफिसर म्हणून काढल्यावर माणसाचं असं होत असेल, अशी मी सुरुवातीला स्वतःची समजूत घालायचो. पुढे त्याच कारखान्यातले, त्याच खात्यातले दोन निवृत्त लोक मला भेटले. चांगली हसतीखेळती माणसं होती. म्हणजे दोष स्टोअर्सचा नव्हता.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास, लग्नानंतर लगेच, आम्ही अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. बंगला म्हणायचा तो त्यांच्या आग्रहाखातर. खाली तीन खोल्या, वर दोन, पुढे व्हरांडा आणि फाटक, मागे पाण्याची टाकी आणि खड्ड्यात बसवलेली मोटर. गल्ली त्यांना ‘साहेब’ म्हणायची. ते मला ‘मिस्टर’ म्हणायचे. समोरच्या बैठ्या घरांत राहणाऱ्या कांबळेंना मात्र ‘ए कांबळे’. कांबळे त्यांच्यापेक्षा वयाने फार लहान होते असंही नाही. पण कोणाला मिस्टर म्हणायचं आणि कोणाला ए, याची यादी साहेबांच्या डोक्यात तयार होती, आणि ती वयावर नव्हती.

दर दारावर दोन कुलपं, फाटकावर एक, मीटरच्या पेटीवर एक, बाहेरच्या नळाला एक. टेलिफोनच्या तबकडीलाही इवलंसं कुलूप. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ते चालायला लागले की बैलगाडी निघाल्यासारखा आवाज यायचा. एकदा मी सहज म्हटलं, “साहेब, इतक्या कुलपांची गरज आहे का? गल्ली तर चांगली आहे.”

“विश्वास ठेवायला काही लागत नाही मिस्टर,” ते म्हणाले, “म्हणून तो कोणीही ठेवतो. कुलपाला अक्कल लागते.”

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं की त्या वर्षात मी ते निदान पंधरा वेळा ऐकलं असेल. बरं, एवढं सगळं राखायचं ते काय? प्लास्टिकची कव्हरं न काढलेला सोफा, एक कूलर, एक गोदरेजसारखं दिसणारं पण गोदरेज नसलेलं कपाट, आणि काकूंच्या चार बांगड्या. तीस वर्षांत त्यांच्या घरातून चमचासुद्धा चोरीला गेला नव्हता, आणि मला वाटतं, हाच त्यांना आपला अपमान वाटत होता.

आमच्या सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या आणि चार दिवसांनी परत निघाल्या, तेव्हा हे गृहस्थ जिन्याखाली उभे. “बॅग येताना हलकी होती,” म्हणाले. सासूबाईंना आधी वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. मी रागाने काही बोलणार, एवढ्यात सासूबाईंनीच बॅग खाली ठेवली, चेन उघडली आणि माझ्या बायकोने दिलेले पोह्याचे पापड एक एक करून त्यांच्यासमोर व्हरांड्यात मांडले. “मोजून घ्या,” म्हणाल्या. त्यांनी खरंच मोजायला सुरुवात केली. आतून काकू धावत आल्या आणि तोंडाला पदर लावून पापड परत बॅगेत भरू लागल्या. काकू तोवर आमच्याशी फार बोलत नसत. त्या दिवशी जाताना त्यांनी सासूबाईंचे हात हातात घेतले, एवढंच.

तर अशा माणसाच्या हातात, मस्कतला असलेल्या मुलाने, सुट्टीवर येताना एक कॅमेरा आणून दिला. फोटोचा नव्हे, पहाऱ्याचा. बुटाच्या खोक्याएवढा, काळ्यापांढऱ्या चित्राचा. तिकडे म्हणे दुकानादुकानांत असतात. त्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढून टीव्हीला जोडायची, आणि व्हीसीआरमध्ये कॅसेट टाकली की सगळं टेपही व्हायचं. जोडणी अर्थात मीच केली; कॅमेरा व्हरांड्याच्या कोपऱ्यावर असा बसवला की फाटक आणि घराचं दार दोन्ही दिसावं. पडद्यावर पहिल्यांदा स्वतःचं फाटक दिसलं तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. पुढे मुलगा परत गेला त्या दिवशीसुद्धा ते इतके हललेले मला दिसले नाहीत.

त्या दिवसापासून टीव्हीवर दुसरं काही लागेना. काकूंची संध्याकाळची मालिका गेली. “काय बघताय काकू?” असं बायकोने एकदा विचारलं, तर काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “आमचं फाटक. आज सकाळपासून तिसरा भाग चाललाय. अजून कोणी आलं नाही.”

अडचण एकच होती. सूर्य मावळला की चित्र काळंठिक्कर. त्या काळातल्या कॅमेऱ्याला अंधारात काही म्हणजे काही दिसत नसे. आणि चोर, साहेबांच्या अनुभवाप्रमाणे (जो शून्य होता), रात्रीच येतो. म्हणजे बाहेर मोठा दिवा हवा. कोणता हवा, कुठे हवा, किती वॅटचा हवा, या विषयावर त्यांनी पुढचे तीन आठवडे माझं डोकं खाल्लं. कारखान्यांतले, पेट्रोल पंपांवरचे, लग्नाच्या हॉलवरचे, बदलापूरच्या एका राइस मिलवरचे दिवे त्यांनी स्वतः फिरून पाहिले. राइस मिलच्या मालकाने त्यांनाच चोर समजून हटकलं, ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. “सावध माणूस आहे,” म्हणत.

शेवटी एका रविवारी सकाळी ते मला घेऊन उल्हासनगरला गेले. तिथे विजेच्या सामानाचं एक दुकान माझ्या ओळखीचं होतं. कंपनीसाठी मी नेहमी तिथून माल घ्यायचो. मालक सिंधी, पन्नाशीचा, मऊ बोलणारा. हवं असेल ते कुठूनही मिळवून देणारा, पण नको असलेलं गळ्यात न मारणारा. त्याने साहेबांना बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, “साईं, पहले ये बोलो, देखना क्या है?”

“चोर,” साहेब म्हणाले.

“चोर का मुँह देखना है, या चोर को भगाना है? दोनों की लाइट अलग आती है.”

“दोनों.”

“दोनों एक लाइट में नहीं होता, साईं.”

आणि त्याने शांतपणे समजावून सांगितलं. सोडियमचा दिवा स्वस्त पडतो, पण उजेड पिवळा, आणि एकदा वीज गेली की परत पेटायला पाच-दहा मिनिटं घेतो. आमच्याकडे वीज दिवसातून चारदा जायची, म्हणजे चोराला दिवसातून चार मुहूर्त. मर्क्युरीचंही तसंच. हॅलोजन बरा, लगेच पेटतो, पण मोठा घ्यायचा नाही. दीडशे-दीडशेचे दोन घ्या, कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावू नका, बाजूला लावा, खाली जमिनीकडे वाकवा. माणसाच्या तोंडावर उजेड तिरका पडला पाहिजे, म्हणजे नाक, डोळे, हनुवटी दिसते. सरळ झोत मारला की तोंड म्हणजे नुसता पांढरा बटाटा. आणि एक छोटा दिवा मागे, मोटरीवर.

मी तेच सांगत होतो गेले तीन आठवडे. कागदावर आकृती काढून दिली होती. साहेबांनी तो कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला होता, चष्मा हलू नये म्हणून.

“हजार वॅटचा दाखवा,” ते म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने हजार वॅटचा हॅलोजन काउंटरवर ठेवला. ताटाएवढा. साहेब त्याच्या काचेत स्वतःचं तोंड बघत राहिले.

“साईं, बुरा मत मानना,” दुकानदार म्हणाला, “ये लाइट चोर के लिए है कि पड़ोसी के लिए?”

साहेबांनी पाकीट काढलं. एक नव्हे, दोन घेतले. परतताना रिक्षात मी म्हटलं, “मागच्या बाजूला छोटा तरी घ्यायला हवा होता. मोटर मागे आहे.”

“मागे कोण बघणार, मिस्टर?” ते म्हणाले.

मी हे वाक्य पुष्कळ दिवस मनात घोळवलं. चोराबद्दल बोलत असतील, असं आधी वाटलं. ते दिव्याबद्दल बोलत होते.

शिडीवर मीच चढलो. का चढलो, याचं उत्तर सोपं आहे आणि ते मला शोभणारं नाही. अंबरनाथला तेव्हा बरी जागा मिळणं कठीण होतं, बायकोला तिसरा महिना लागला होता, आणि साहेबांची मर्जी सांभाळली तर वर्षाचा करार पुढे चालू राहणार होता. दोन्ही हॅलोजन त्यांनी कॅमेऱ्याच्या बरोबर डोक्यावर, रोखून, सरळ समोर लावायला लावले. मी हळूच थोडे खाली वाकवले, तर खालून ओरडले, “वर! वर! झुकवू नका, मान ताठ पाहिजे.”

पहिल्या संध्याकाळी दिवे पेटले आणि अख्खी गल्ली बाहेर आली. कोणाला वाटलं लग्न आहे, कोणाला वाटलं शूटिंग. फाटकाशेजारच्या चुन्याच्या भिंतीवर उजेड आपटून इतका उसळायचा की कॅमेऱ्याचे डोळे दिपायचे. पडद्यावर भिंत लखलखीत, बाकी सगळं काळं, आणि मधून माणूस गेला तर पांढऱ्या कपड्यांवर पांढरं डोकं. दूधवाला, पेपरवाला, मी, सगळे सारखेच. मी ते त्यांना दाखवलं. “तुमच्या डोळ्यांना सवय नाही,” ते म्हणाले. एकदा आठच्या सुमारास कॅमेऱ्याच्या काचेवर पाल येऊन बसली. दिव्यांवर किडे जमायचे, त्यांच्यासाठी यायची बिचारी. पडद्यावर ती मगरीएवढी दिसली. साहेबांनी काठी घेतली, शिट्टी फुंकली आणि काकूंना खाटेखाली जायला सांगितलं. काकू खाटेखाली गेल्या नाहीत. त्यांनी भाजी ढवळली.

इथवर हसण्यासारखं होतं. आम्ही हसलोही. पण ते दोन दिवे सरळ समोर रोखलेले होते, आणि समोर कांबळेंचं घर होतं.

कांबळे एका रंगाच्या कंपनीत फिटर होते. सडपातळ, कमी बोलणारे, युनियनमध्ये मान असलेले. हाताला कसब असं की साहेबांची मोटर दोनदा बंद पडली तेव्हा दोन्ही वेळा ड्युटीवरून आल्यावर त्यांनीच उघडून, बुश बदलून, चालू करून दिली होती, आणि चहासुद्धा न घेता गेले होते. चहा कोणी विचारलाही नव्हता, हे काकूंनी पुढे मला सांगितलं. त्यांच्या घरात बायको, एक मुलगी आणि म्हातारे वडील. वडिलांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पलंग खिडकीशी. खिडकीत हजार-हजार वॅटचे दोन सूर्य.

आधी कांबळेंच्या बायकोने खिडकीला चादर लावली. मग तिच्यावर दुसरी. मग एका संध्याकाळी कांबळे स्वतः फाटकाशी आले.

“साहेब, दिवा बंद करा असं म्हणत नाही मी,” ते म्हणाले. “फक्त चार बोटं खाली वाकवा. आमच्या दादांच्या डोळ्याला त्रास होतोय. तुम्ही म्हणाल तर मी वाकवून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.”

“ए कांबळे,” साहेब म्हणाले, “तुझ्या दारात फुकट उजेड पडतोय. लोक नगरपालिकेकडे अर्ज करतात दिव्यासाठी.”

“उजेड नकोय साहेब. झोप पाहिजे.”

“मग पडदे शिव.”

कांबळेंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यावर होतो. मी खाली येऊन म्हणू शकलो असतो, की ते बरोबर सांगताहेत, दिवा वाकवला तर कॅमेऱ्यालाही जास्त दिसेल. मी पायातली चप्पल नीट करू लागलो.

कांबळे गेल्यावर साहेब मला म्हणाले, “हे लोक असेच. कोणाचं चांगलं बघवत नाही.” कोण लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या घरात सांगावं लागत नसे.

डिसेंबरात एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. वरच्या टाकीत थेंब नाही. मी मागे जाऊन पाहिलं तर खड्ड्यात नुसते चार बोल्ट आणि कापलेली वायर. मोटर गेली होती. मागच्या कुंपणाची तार वाकवलेली. पुढे दिवाळी आणि मागे मिट्ट काळोख. ज्याने नेली त्याने मोठ्या शांतपणे नेली असणार.

मी साहेबांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. देवाशपथ सांगतो, तो आनंद होता. तीस वर्षं ज्या पाहुण्याची वाट बघितली तो एकदाचा आला होता. ते धावत आत गेले आणि रात्रीची कॅसेट लावून बसले.

कॅसेट तीनच तास चालायची. म्हणून ते रोज गजर लावून बाराला उठत, ती चालू करत आणि परत झोपत. मी कामावर निघालो तेव्हा ते पडद्याला नाक लावून बसले होते, आणि मला पाठमोरे ओरडले, “सापडला! मिस्टर, सापडला!” मी थांबलो नाही. कामाला उशीर होत होता.

पुढचं मला संध्याकाळी कळलं. साहेब चौकीवर गेले. आपला मुलगा परदेशात आहे, आपण अधिकारी होतो आणि आपल्याकडे चोराचं चित्र आहे, असं त्यांनी सांगितलं. चोर कोण? समोरचा कांबळे. कशावरून? एक, दिव्यावरून भांडला होता. दोन, फिटर आहे. मोटरीचे बोल्ट त्याला माहीत आहेत, दोनदा उघडली आहे त्याने. ज्या माणसाने दोनदा फुकट मोटर दुरुस्त केली त्याचा तोच पुरावा झाला. दुपारी हवालदार रंगाच्या कंपनीच्या गेटवर गेले आणि पाळी सुटता सुटता, शंभर-दीडशे माणसांसमोर, कांबळेंना घेऊन आले. संध्याकाळपर्यंत त्यांना चौकीत बाकावर बसवून ठेवलं होतं.

मी सहाला घरी आलो तर खालच्या खोलीत दाटी. हवालदार खुर्चीवर, गल्लीतले दहा-बारा जण भिंतीला टेकून, दारात कांबळेंची बायको, आणि टीव्हीच्या बाजूला, हात मागे बांधून उभे असलेले कांबळे. कोणी त्यांचे हात बांधले नव्हते. ते स्वतःच तसे उभे होते. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. डोक्यावरून शाल घेतलेली एक आकृती फाटकाशी वाकलेली. हातात काहीतरी लांबट. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग.

“हा पाना आहे हातात,” साहेब म्हणाले. “आणि ही उभं राहायची ढब बघा. दुसरं कोण?”

हवालदार डोळे बारीक करून बघत होते. मग माझ्याकडे वळले. “दिवे तुम्हीच लावले ना? इलेक्ट्रिकवाले? तुम्ही सांगा. ओळखू येतो का हा माणूस?”

या चित्रात कोणालाही ओळखता येणं शक्य नाही, हे मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. कांबळेही बघत होते.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं. हवालदारांना वाटलं, मी शेजाऱ्याला सांभाळून घेतोय. साहेबांना वाटलं, मी त्यांच्या बाजूने बोललो. कांबळेंनी माझ्यावरून नजर काढली आणि साहेबांना म्हणाले, “साहेब, पुढे चालू द्या ना. मी कुठे गेलो ते मलाही बघू द्या.”

“पुढे काही नाही,” साहेब म्हणाले.

“तुम्ही बघितलंत पुढचं?” हवालदारांनी विचारलं.

“गरज नव्हती. चोर दिसला की झालं.”

कोणी काही बोलायच्या आत काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, ओला हात पदराला पुसला आणि व्हीसीआरचं बटण दाबलं. इतके महिने त्या खोक्यासमोर बसवून ठेवलेल्या बाईला त्याची सगळी बटणं पाठ होती.

पांढऱ्या डोक्याची आकृती सरळ झाली. तिने फाटकाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. हातातली लांबट वस्तू पेटली. ती बॅटरी होती. मग आकृती वळली, कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आली, व्हरांड्याच्या पायऱ्या चढली, कमरेचा जुडगा काढला, दाराचं वरचं कुलूप उघडलं, खालचं कुलूप उघडलं, शाल झटकली आणि घरात गेली. दार बंद झालं. पडद्यावर परत नुसतं फाटक.

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हवालदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “साहेब,” ते म्हणाले, “रात्री तुम्ही बाहेर गेला होतात का?”

साहेब पडद्याकडे बघत होते. “राउंडला जातो मी कधीकधी,” म्हणाले. आणि मग, मी शब्दाला शब्द सांगतो, “पण चित्र किती स्वच्छ येतं बघा.”

हवालदार उठले. जाता जाता कांबळेंच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. कांबळे एक पाऊल मागे सरकले. माफी कोणीच मागितली नाही. साहेब म्हणाले, “तपासात असं होतंच. मनाला लावून घेऊ नये.”

कांबळेंचा आवाज चढला नाही. “मला गेटवरून नेलं,” ते म्हणाले. “माझी अख्खी पाळी बघत होती. उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर गेटवर या. जिथून नेलं तिथे उभं राहून सांगा, की चूक झाली. बाकी काही नको मला.”

“मी?” साहेब म्हणाले. “कंपनीच्या गेटवर?”

“हो.”

“मला उद्या पाण्याची सोय बघायचीय. मोटर गेलीय माझी.”

कांबळेंची बायको तोंडात काही पुटपुटली. कांबळेंनी तिचा दंड धरला आणि दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी जिना उतरत होतो तर काकू व्हरांड्यात, चपला घालून. वर्षभरात मी त्यांना फाटकाबाहेर एकट्या पाहिलं नव्हतं. भाजीसुद्धा साहेब आणत. “अरे, ती रंगाची कंपनी तुझ्या वाटेवर आहे ना?” त्यांनी विचारलं. “मला रस्ता माहीत नाही. नेतोस का?”

आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. “दोन्ही वेळा त्यांना चहा विचारायचा होता मला,” म्हणाल्या. “दोन्ही वेळा ह्यांनी डोळे वटारले. मी आत गेले.”

गेटवर पहिली पाळी शिरत होती. सायकली, डबे, निळे कपडे. कांबळे एका बाजूला, चार जण त्यांच्याजवळ, बाकीचे त्यांच्यापासून जरा लांबून जाणारे. काकू सरळ गर्दीत गेल्या. पहिल्यांदा बोलल्या ते कोणाला ऐकूच आलं नाही. मग त्यांनी पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, “ऐका हो! काल इथून ह्या कांबळेंना नेलं. ह्यांनी काही केलेलं नाही. टेपमध्ये होते ते माझे यजमान होते. आमच्याच घरातले. आमची चूक आहे.”

सायकली थांबल्या. गेटवरचा वॉचमनही थांबला. काकूंनी तेच सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून, तितक्याच मोठ्याने सांगितलं, कारण मागचे लोक आत्ता आले होते. कांबळे पुढे आले. ते नमस्कार वगैरे करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, “बाई, दोनदा सांगितलंत. बस झालं.” मग भोंगा झाला आणि ते आत गेले.

मी बाजूला उभा होतो. काल दिवेवाला म्हणून मला विचारलं होतं, आज मला कोणी काही विचारत नव्हतं. तरी पुढे होऊन दोन शब्द मी बोलू शकलो असतो. बोललो नाही.

काकू घरी गेल्यावर काय झालं ते आम्हाला वरून ऐकू आलं. साहेब तासभर ओरडत होते. काकूंचा आवाज एकदाही आला नाही. मात्र त्या संध्याकाळी, साहेब बाथरूममध्ये असताना, काकूंनी मला हाक मारली आणि शिडी दाखवली. मी चढलो आणि दोन्ही हॅलोजन पार जमिनीकडे वाकवले. साहेब बाहेर आले, वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी शिडीवरच होतो. “कोणी सांगितलं?” ते म्हणाले.

“मी,” काकू म्हणाल्या.

ते दिवे पुन्हा वर झाले नाहीत. आम्ही मार्चमध्ये जागा सोडली. चोर कोण होता ते कधी कळलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन मोटरी गेल्या.

चार-पाच वर्षांनी, नोव्हेंबर महिन्यात, मी ड्राफ्ट काढायला अंबरनाथच्या एका बँकेत गेलो होतो. पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागली होती. बाकावर साहेब. वजन उतरलेलं, आवाज तोच. शेजारच्या गृहस्थांना ते गोष्ट सांगत होते. घरात चोरी झाली, चोर समोरच राहायचा, टेपवर सापडला होता, पण आमच्याकडे एक भाडेकरू होता, दिवे त्याने चुकीचे लावले, चेहरा नीट आला नाही, पुरावा कमी पडला, चोर सुटला. सांगता सांगता त्यांची नजर माझ्यावर आली. ओळखलं. थांबले नाहीत. उलट हात करून म्हणाले, “हेच ते मिस्टर.”

गृहस्थ भला माणूस दिसत होता. त्याने मला जागा करून दिली आणि हसत विचारलं, “काय हो, मग चोर खरंच सुटला?”

रांग मोठी होती, माझा नंबर यायला अवकाश होता. मी साहेबांच्या शेजारी बसलो आणि पापडांपासून सुरुवात करून, मी स्वतः कुठे कुठे गप्प बसलो त्यासकट, सगळं सांगितलं. आजूबाजूचे सात-आठ जण ऐकत होते. साहेब उठून जाऊ शकत नव्हते. त्यांचा नंबर जवळ आला होता.